मदतनीस कोणता घ्यावा: घरचा, संस्थेचा की स्वतः नेमलेला?

विद्यापीठात प्रवेश झाला, वसतिगृहात खोलीही मिळाली. आता सोबत मदतीला कोण असणार, हे दिव्यांग विद्यार्थ्याला ठरवायचं असतं. घरचं माणूस, विद्यापीठाने किंवा एजन्सीने पाठवलेला मदतनीस, किंवा आपण स्वतः पारखून नेमलेला मदतनीस, असे साधारण तीन मार्ग असतात.

आधी कामांची विभागणी करा. अंघोळ, कपडे, शौचालय, पलंगावरून व्हीलचेअरवर बसणं ही शरीराशी निगडित कामं आहेत. परीक्षेतला लेखनिक, नोट्स घेणारा, वाचून दाखवणारा, सांकेतिक भाषेचा दुभाषी हे अभ्यासाचे मदतनीस. दोन्हींसाठी एकच माणूस सोयीचा वाटतो, पण उचलून बसवण्यात तरबेज असलेल्याला तुमच्या विषयातली चिन्हं लिहिता येतीलच असं नाही. शिवाय तो एक दिवस आला नाही, तर आंघोळही राहते आणि तासही बुडतो.

घरच्या माणसाला काही शिकवावं लागत नाही. गुडघ्याखाली हात कुठे घालायचा, किती वेळाने कूस बदलायची म्हणजे अंगाला जखमा होणार नाहीत, हे आईला पाठ असतं. पण आई वर्गाबाहेर बसलेली असली की प्राध्यापक तुमच्याऐवजी तिच्याशी बोलू लागतात आणि वर्गातली मुलं गप्पांना बोलवायला बिचकतात. तिला सुट्टी नाही, तिची पाठ दुखते तेव्हा बदली नाही. पहिले काही आठवडे नव्या मदतनीसाला शिकवायला ती असावी. चार वर्षांचा भार तिच्यावर टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विद्यापीठाचा किंवा एजन्सीचा माणूस घेतला की पगार, पडताळणी, प्रशिक्षण यांची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. कोणी आजारी पडलं तर दुसरं माणूस मिळण्याची शक्यता असते. श्वसनयंत्र किंवा नळीतून आहार असेल, तर प्रशिक्षित हात हवेतच. तिथे सुरुवात याच मार्गाने करावी. अडचण वेळेची होते. त्यांची पाळी संपते तेव्हा तुमचा ग्रंथालयातला अभ्यास संपलेला नसतो. माणसं बदलत राहतात आणि प्रत्येक नव्या चेहऱ्यापुढे स्वतःचं शरीर पुन्हा समजावून सांगावं लागतं. म्हणून सही करण्याआधी विचारा: नको असलेला माणूस मला नाकारता येईल का? खासगी कामांसाठी स्त्री की पुरुष, हे मी ठरवणार का? सुट्टीत आणि परीक्षेच्या दिवसांत सेवा चालू राहते का? एकच मदतनीस तीन विद्यार्थ्यांत वाटणार आहात का? या शेवटच्या प्रश्नाचा आग्रह धराच. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या (२००६) कलम १९ मध्ये वैयक्तिक साहाय्याचा उल्लेख आहे आणि त्यावरच्या २०१७ च्या भाष्यात स्पष्ट म्हटलं आहे की व्यक्तीच्या पूर्ण संमतीशिवाय तिचा मदतनीस इतरांत वाटू नये.

स्वतः नेमलेल्या मदतनीसामागे मोठा इतिहास आहे. पोलिओमुळे गळ्याखालचं शरीर जवळपास लुळं झालेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाले. श्वासासाठीचं अवजड यंत्र वसतिगृहात ठेवता येईना, म्हणून त्यांना कॅम्पसवरच्या रुग्णालयात राहावं लागलं. पुढे तिथे आणखी विद्यार्थी आले. मदतनीस कोण, केव्हा आणि कशासाठी हे रुग्णालयाने नव्हे तर विद्यार्थ्याने ठरवायचं, हा विचार त्यांच्यात रुजला. १९७० मध्ये विद्यापीठात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला आणि मदतनीस मिळवून देणं हा त्याचा एक भाग होता.

या मार्गात वेळ तुमच्या हातात असते, पण मालकही तुम्हीच असता. मुलाखत, कामाचे तास, रजा, पगार हे सगळं लेखी ठेवावं लागतं. पहाटे फोन आला की ‘ताप आहे, येत नाही’, तर तुम्ही पलंगावरच राहता. त्यामुळे किमान दोघं हवेत आणि तिसरं कोणी हाकेच्या अंतरावर. खोलीची किल्ली आणि पैशांचे व्यवहार या माणसाच्या हाती जातात, तेव्हा काही बिनसलं तर तक्रार कोणाकडे करायची हेही आधीच ठरवून ठेवा.

मदत करणारा आणि ठरवणारा यांतला फरक प्रयोगशाळेत नीट दिसतो. ब्युरेटची, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडणाऱ्या मापननळीची, तोटी मदतनीस फिरवतो. फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी छटा टिकली की ‘थांब’ तुम्ही म्हणता. छटा त्याने ठरवली, तर प्रयोग त्याचा झाला.

मित्रांचं म्हणाल, तर दार धरणं, ताट आणून देणं ठीक. रोजची शारीरिक कामं त्यांच्याकडे गेली की मैत्रीवर उपकाराचं ओझं येतं.

माझा कल असा: मदतनीसाच्या खर्चासाठीचा निधी तुमच्या हाती येत असेल तर शरीराच्या कामांसाठी माणूस स्वतः नेमा. लेखनिक आणि दुभाषी मात्र विद्यापीठाकडूनच घ्या, कारण परीक्षेच्या निष्पक्षतेचा प्रश्न तिथे येतो. निधी फक्त एजन्सीमार्फत मिळत असेल, तर तुम्ही निवडलेल्या माणसाला त्यांच्या पगारपत्रकावर घेता येईल का, हे विचारा. प्रश्न सत्र सुरू होण्याआधी, आणि लेखी विचारा.