कॅम्परव्हॅनला ट्युब्युलर बॅटरी टाकायची की लिथियम?

जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन तिची कॅम्पर करायचं डोक्यात बसलं की बेड कुठं, ओटा कुठं यावर तासन्तास चर्चा होते, आणि बॅटरीचा विषय निघाला की "घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर (पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी) टाकूया की, तिला काय होतंय" एवढ्यावर विषय संपतो. भावांनो, तिथंच जरा थांबा.

आधी लोड मांडा. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५ वॅट खातो असं धरलं आणि तो निम्मा वेळच चालला तरी दिवसाला अर्धा युनिट गेलं. दोन छोटे फॅन रात्रभर म्हणजे पाव युनिट, लाइट, मोबाईल, पाण्याचा पंप, लॅपटॉप सगळं मिळून अजून पाव. झालं की एक युनिट! इंडक्शन यात धरायचंच नाही, २००० वॅटची शेगडी १२ व्होल्टवर पावणेदोनशे ॲम्पिअरच्या वर ओढते, चहा-भाताला गॅसच बरा.

आता १५० एएचची (एएच म्हणजे ॲम्पिअर-अवर, त्याला व्होल्टनं गुणलं की वॅट-अवर, आणि हजार वॅट-अवर म्हणजे एक युनिट) ट्युब्युलर कागदावर १८०० वॅट-अवर दिसते, पण निम्म्याच्या खाली सारखी उतरवली तर आयुष्य झपाट्यानं कमी होतं, म्हणजे हातात ९०० च. लिथियम म्हणजे इथं एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), ती १०० एएचची घेतली तरी १२८० पैकी हजार-अकराशे बिनधास्त वापरता येतात. वजन बघाल तर ट्युब्युलर ५०-६० किलो आणि लिथियम १२-१३ किलो. एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी) हा मधला पर्याय, पाणी घालायची कटकट नाही, पण वजन आणि निम्मीच वापरायची अट तीच.

पण माझ्या मते खरा फरक साठ्यात नाही, भरण्यात आहे. आपल्या ट्रिपा कशा असतात? शनिवारी कोल्हापुरातनं निघायचं, गगनबावडा नाहीतर राधानगरी, पन्नास-पंचावन्न किलोमीटर, दीड तासात पोचलो. एवढ्या वेळात गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) ट्युब्युलरमध्ये कितीसं जाणार, १५० एएचच्या बॅटरीला साधारण १५ ॲम्पिअरनं चार्ज करायचं असतं म्हणजे वीस-बावीस एएच, तेही ती बऱ्यापैकी रिकामी असली तर, कारण ८० टक्क्यांच्या वर गेली की ती करंट घेईनाशी होते आणि पुढचं भरायला तास न् तास लागतात. तशीच अर्धवट भरलेली आठवडाभर गाडीत पडून राहिली की प्लेटवर सल्फेट धरतं आणि पुढच्या वेळी बॅकअप अजून कमी. लिथियमला ३० ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरचा करंट मर्यादेत ठेवून बॅटरीला देणारा) लावला तर त्याच दीड तासात ४५ एएच पडतात, आणि अर्धवट राहिली तरी तिला त्याचं काही नाही. सोलरचं म्हणाल तर २०० वॅटचं पॅनेल उन्हाळ्यात सात-आठशे वॅट-अवर देईल, पण जुलैत गगनबावड्याच्या पावसात आणि धुक्यात त्यातलं पावही मिळेल असं धरू नका, म्हणून गाडी चालताना जे भरतं त्याच्यावरच सगळी मदार.

दुसरं म्हणजे ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि तुम्ही त्याच बंद गाडीत पोराबाळांना घेऊन झोपणार. व्हेंट पाइप बाहेर काढलाच पाहिजे, शिवाय घाटात गाडी हेलकावे खाते तेव्हा ॲसिड उडू नये म्हणून बॅटरी पक्की आवळून बसवावी लागते. हे मला लय महत्त्वाचं वाटतं.

मग ट्युब्युलर कुणी घ्यावी? ज्याची व्हॅन शेतात एका जागी उभी राहणार आणि लाइटचं कनेक्शन जवळ आहे त्यानं खुशाल घ्यावी, स्वस्त पडते आणि गावोगावी दुरुस्त करणारा मिळतो. आणि स्पितीला थंडीत जाणार असाल तर लिथियमवाल्यांनी ध्यानात ठेवा, शून्याच्या खाली ती चार्ज करायची नसते, हीटरवाली बघा. बाकी शनिवार-रविवार फिरणाऱ्यानं पैसे जास्त गेले तरी लिथियमच घ्यावी, पण ती अल्टरनेटरला थेट जोडून द्यायची नाही. ती मिळेल तेवढा करंट खेचते, अल्टरनेटर तापतो, आणि बऱ्याच बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांत तर अल्टरनेटर मधेच व्होल्टेज खाली आणतो त्यामुळं डीसी-डीसी चार्जर पाहिजेच. घरच्या इन्व्हर्टरचा चार्जरही तिला चालत नाही, सेटिंग लिथियमचं असेल तरच.

बॅटरी कुठलीही घ्या, वायरीत काटकसर नको. १००० वॅटचा इन्व्हर्टर फुल लोडवर बॅटरीकडून ९० ॲम्पिअरच्या आसपास ओढतो, त्याला २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि बॅटरीला लागूनच फ्यूज. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडी बांधायला टाकली असेल तर थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टर्मिनल) हातोडीनं ठोकून नाही, हायड्रॉलिक क्रिंपरनं दाबून घ्या. ताबा घ्यायच्या आधी दहा मिनिटं फुल लोड द्या आणि प्रत्येक थिंबलजवळ वायरच्या इन्सुलेशनला हात लावून बघा, एखादी गरम लागली तर तिथंच उभं राहून परत क्रिंप करून घ्या.