गाडी वाडीत उभी, संसार ओलीस

पुण्याहून नागपूरला बदली झाली, तीही मे महिन्यात. लोक मेमध्ये नागपूर सोडतात, आम्ही उलटे निघालो.

सामान हलवणाऱ्या कंपनीसाठी नेटवर एका ठिकाणी मोबाईल नंबर टाकला आणि दहा मिनिटांत सात फोन आले. दोन बेडरूमच्या सामानाचे बाकीचे 28 ते 31 हजार सांगत होते, एकाने सांगितले 17,500. नाव एका नावाजलेल्या कंपनीसारखंच, एका अक्षराचा फरक. घर बघायला कुणी आलं नाही. "व्हॉट्सॲपवर यादी टाका सर, झालं काम." मला ते सोयीचंच वाटलं. बुकिंगचे 2,000 ज्या क्यूआर कोडवर भरले, तो कुणा बाईच्या नावाचा निघाला. विचारलं तर म्हणे, "आमच्या अकाउंटंट मॅडम."

बंद ट्रक येणार होता, आला उघडा टेम्पो. सामान चढल्यावर, दोर बांधून झाल्यावर 13,500 मागितले, शिवाय इन्शुरन्सचे 1,500. पॉलिसी नंबर? "पोचल्यावर मिळेल." बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची ट्रान्सपोर्टवाल्याची रीतसर पावती? तीही पोचल्यावर. हातात एक साधी पावती आली, त्यावर ना गाडीचा नंबर, ना सामानाची यादी. रिकाम्या घरात उभं राहून नाही म्हणायची हिंमत होत नाही. ते पैसे नेमके त्याच वेळी मागतात.

सहाव्या दिवशी फोन आला. गाडी नागपूरजवळच्या वाडी गावातल्या गोदामात आहे, सामान घनफुटात जास्त भरलं, ई-वे बिल, म्हणजे माल नेतानाचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, नसल्याचा दंड बसला, वर जकात. एकूण 24,000. नाही दिले तर गोदामाचं भाडं रोज 800. आम्ही मनीषनगरच्या घरात फरशीवर चटई टाकून झोपत होतो. पारा 45 ला आणि कूलर त्यांच्या गाडीत.

शेजारी ट्रान्सपोर्टच्या धंद्यातले एक काका राहतात. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बिल्टी कुठी हाय जी?"

"दिली नाही."

"मंग सामान तुमचं हाय हे सांगन कोन?"

मग त्यांनीच एकेक गोष्ट सोलून दाखवली. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागतच नाही, नियमातच सूट आहे. जकात तर 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा मुंबईतूनही गेली. पावतीवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर दुसऱ्याच राज्यातल्या कापड दुकानाचं नाव आलं. ही दोन मिनिटांची तपासणी बुकिंगआधी करता आली असती. इतका शिकलेला मी, आणि घरचा मिक्सर घेताना चार दुकानं फिरणारा!

पोलीस ठाण्यात गेलो, तर हा पैशांचा आपसातला वाद आहे म्हणाले. लेखी अर्ज मात्र दिला, त्याची पोचही घेतली. ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, तक्रार नोंदवली. त्या दोन कागदांचे फोटो पाठवल्यावर 24 हजारांचे 14 झाले. दिले. न देता लढायला हवं होतं असं भाऊ अजून म्हणतो. त्याची मुलं चटईवर झोपत नव्हती.

ठरलेले 17,500, इन्शुरन्सचे 1,500 आणि हे 14 हजार, सगळं मिळून 33,000 गेले. 28 हजारवाला महाग म्हणून सोडला होता. वॉशिंग मशीनचं झाकण फुटलं, पुस्तकांचा एक खोका आलाच नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. 2019 च्या कायद्यामुळे तो राहत्या गावी, इथेच करता येतो. अडचण एवढीच, की समोरचा पक्ष म्हणून नाव कुणाचं लिहायचं? कापड दुकानाचं की अकाउंटंट मॅडमचं?

बाल्कनीत एक खोका पडून आहे, तो आमचा नाही. आत पुरणयंत्र, पितळेचा डबा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले देव. त्या घरच्यांना गाडी कुठे उभी असल्याचं सांगितलं असेल, कोण जाणे.