‘खाणजमिनीचं खास खत’: पैसे देण्याआधी हे वाचा

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागात लोहखाणीच्या डंपवर, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगावर, झाडं लावत असाल, तर हे खत विकणारा तुमच्याकडेही येईल. आमच्या वाड्यावर पावसाच्या तोंडावर आला. गोडबोल्या, सगळ्यांना ‘बाब’ म्हणणारा. मोबाइलवर हिरव्यागार डंपचे फोटो दाखवून म्हणाला, “हे सगळं आमच्या खतावर.”

फोटो खरे होते, हीच त्याची चलाखी. गोव्यात डंपवर दिसते ती हिरवळ बरीचशी अकेशिया या झाडाची, खाणवाल्यांनी मागेच लावलेली. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) पुरवतात, म्हणून ते उजाड मातीतही वाढतं. आमची रोपं काजू, किंदळ आणि जांभळाची. त्यांना ही सोय नाही.

मग प्रात्यक्षिक. रस्त्याकडेच्या गवतावर त्याने द्रावण शिंपडलं आणि थोड्याच दिवसांत गवत गर्द हिरवं झालं. युरियात 46 टक्के नत्र असतो. मूठभर युरिया पाण्यात ढवळला की कुणालाही ही जादू जमते. विकलेल्या पोत्यात मात्र युरिया नव्हता.

40 किलोचं पोतं 1,800 रुपयांना. 50 किलो डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट हे खत) 1,350 ला मिळतं, आणि त्यावर 18 टक्के नत्र, 46 टक्के स्फुरद (फॉस्फरस) असं छापलेलं असतं. याच्या पोत्यावर झाडाचं चित्र आणि एक भारदस्त इंग्रजी नाव. नत्र-स्फुरद-पालाश (पोटॅश) यांचे आकडे नाहीत, बॅच नंबर नाही. चतुर्थीला खड्डे उकरले तर दाणे तसेच! रंग तेवढा धुऊन गेलेला, आत पांढरट माती. काजूची पानं पिवळी.

डंपच्या मातीत कुजलेला पाला नसतो, नत्र पावसात वाहून जातो आणि स्फुरद लोहाला चिकटून बसतं. म्हणून आधी माती तपासा. जुने गोव्याच्या आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) केंद्रात ती सोय आहे. आम्ही आता शेणखत आणि आळ्यात गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया झाडाचा) पाला घालतो. वेळ लागतो, पण पालवी दिसतेय.

डीएपी म्हणून कुणी काही देत असेल, तर चार दाणे चुन्याबरोबर तळहातावर रगडा. खऱ्या डीएपीचा उग्र वास नाकात जातो. विक्रेत्याकडे खतविक्रीचा परवाना मागा. पावतीवर ‘खत’ लिहून घ्या. आमच्या पावतीवर ‘बागेचं साहित्य’ होतं आणि तक्रार तिथेच अडकली. एक पोतं न फोडता ठेवा, कृषी खात्याला दाखवता येईल.