गुरगुरणारा कुत्रा: ट्रेनरच्या केंद्रावर ठेवायचा की घरीच शिकवायचा?

दत्तक आणलेला देशी कुत्रा पहिले काही दिवस गरीब गाईसारखा राहतो. मग एके दिवशी जेवताना कोणी जवळून गेलं की गुरगुरतो. आमच्याकडेही हेच झालं, आणि दोनच सल्ले मिळाले: महिनाभर केंद्रावर ठेवा, किंवा घरीच शिकवा.

दोन्हींच्या आधी पशुवैद्याकडे जा. कान ठणकत असेल, दात किंवा कंबर दुखत असेल, तर हात लागताच कुत्रा दात विचकतो. तिथे शिकवणी काय करणार?

केंद्राची सोय मोठी आहे, नोकरी सांभाळणाऱ्यांना तर फारच. पण कुत्रा तिथे शिकतो तो त्या माणसासमोर, त्या जागी. घरी आल्यावर भांडं तेच, कोपरा तोच, शेजारून जाणारी आजीही तीच.

दुसरी अडचण पद्धतीची. चोक चेनचा (ओढली की गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीचा) झटका, कुत्र्याला उताणा दाबून धरणं, ‘बॉस कोण ते दाखवणं’ अजून बऱ्याच ठिकाणी चालतं. कळपात सगळ्यांना दाबून ठेवणारा एक ‘बॉस’ असतो, ही समजूत मुळात प्राणी-अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या आणि १९४७ साली छापलेल्या निरीक्षणांतून आली. ती लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच पुढे सांगितलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००९च्या पाहणीत कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांना, तर उताणा दाबणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना उलट आक्रमकता दिसली. शिवाय गुरगुरणं ही सूचना असते. ती मार देऊन बंद केली की कुत्रा न सांगता चावू शकतो.

घरची पद्धत संथ आहे, पण मी तिच्याच बाजूची. भांडं हिसकायचं नाही. तो खात असताना, तो ताठरणार नाही इतक्या लांबून जायचं, उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्याकडे टाकायचा आणि पुढे निघायचं. काही दिवसांनी अर्धं पाऊल जवळ. ताठरला की पुन्हा लांब. माणूस जवळ येणं म्हणजे काहीतरी मिळणं, हे त्याला कळायला आठवडे लागतात. अवघड असतं ते घरच्यांना आवरणं. ‘बघू माझं ऐकतो का’ म्हणून कोणी भांड्यात हात घातला, की सगळं मागे जातं.

रक्त निघेल असा चावा झाला असेल किंवा घरात लहान मूल असेल, तर एकट्यानं करू नका. वर्तनाचा अनुभव असलेला पशुवैद्य घ्या. फ्लुऑक्सेटिनसारखं चिंता कमी करणारं औषध लागलं, तर परिणाम दिसायला चार-सहा आठवडे जातात आणि शिकवणी सोबत चालूच ठेवावी लागते. मूल आणि कुत्रा एकत्र असताना मोठ्या माणसाची नजर हवीच, जेवणाच्या वेळी तर मध्ये बंद दार. चावा घरच्या कुत्र्याचा असला तरी जखम १५ मिनिटं साबण-पाण्यानं धुवून लगेच डॉक्टर गाठा.

केंद्रच निवडणार असाल, तर पैसे भरण्याआधी विचारा: ‘कुत्रा गुरगुरला की तुम्ही काय करता?’ ‘झटका देतो’ असं उत्तर आलं, तर कुत्र्याला घेऊन परत या.