मोत्याची अंगठी रोज घालून अकरा महिने झाले

"मोती कानात घाला, गळ्यात घाला, बोटात रोज नको," असं अंगठी घेताना सोनाराने बजावलं होतं. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून ती रोज घातली. अकरा महिन्यांनी लिहितेय: त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण पूर्ण बरोबर नव्हतं.

अंगठी साधी आहे. चांदीचं कडं, वर छोटी वाटी, त्यात गोड्या पाण्यातला कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला, मोती. मोत्याला खालून अर्ध्यापर्यंत भोक पाडलेलं, वाटीतली बारीक खुंटी त्यात घुसवून चिकटवलेली. मोत्याला धरून ठेवणारं बाकी काहीच नाही. हे मला सहा महिन्यांनी कळलं, तेही मोती हातात आल्यावर.

मोत्याचं पाणी, म्हणजे चमक, बघायची माझी रीत म्हणजे ट्यूबलाइटखाली धरून त्यातलं प्रतिबिंब बघणं. नवा होता तेव्हा पांढरी रेघ कडेपर्यंत धारदार दिसायची. तिसऱ्या महिन्यात एका बाजूला रेघ पुसट झाली, श्वास सोडलेल्या काचेसारखी. ती बाजू मधल्या बोटाकडची. बोटाबोटांतला घाम, हँड क्रीम आणि दिवसातून दहा वेळा चोळलेलं सॅनिटायझर तिथेच साचत होतं. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्याचे पातळ थर एका प्रथिनाने जोडलेले. आम्लाने तो झिजतो, आणि घामही किंचित आम्लच असतो. उतरलेलं पाणी नंतर कितीही पुसलं तरी परत येत नाही. माझी ती बाजू आजही तशीच आहे.

तेव्हापासून सॅनिटायझर, क्रीम, अत्तर आधी, ते पूर्ण सुकल्यावर अंगठी. रात्री काढली की ओलसर मऊ सुती कापडाने पुसायची, मग कोरड्याने. आधी मी कोरड्यानेच खसाखसा पुसायचे, तो गाढवपणा होता. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांची कठिणता मोह्स मापनीवर ७. मोत्याची जेमतेम २.५ ते ४.५. म्हणजे मी रोज इमानदारीने चरे पाडत होते.

आता निखळण्याची गोष्ट. सहाव्या महिन्यात अंगठ्याने चाळा करताना मोती जागच्या जागी किंचित फिरतोय असं वाटलं. वाटलं, आणि सोडून दिलं. चार दिवसांनी स्वेटर काढला तर बोटात रिकामी वाटी आणि मधे उभी खुंटी, तिच्यावर पिवळट डिंकाचा पापुद्रा. मोती बाहीच्या आत अडकलेला सापडला, नशीब! दोष सोनाराचा म्हणावा तर अंगठी घालून अंघोळ, भांडी, कपडे सगळं मीच केलं होतं. साबणाच्या गरम पाण्याने चिकटवण सुटत जाते. सोनाराने भोकातला जुना डिंक कोरून काढला, नव्याने चिकटवलं आणि पूर्ण एक दिवस हात लावू दिला नाही. मोती फिरतोय असं वाटलं तर त्याच दिवशी काढून ठेवा, एवढं मात्र माझं ऐका.

चांदी काळी पडली तेव्हा आणखी एक आगाऊपणा करणार होते. चांदी उजळवणाऱ्या द्रावणात अख्खी अंगठी बुडवायची! बाटलीवर बारीक अक्षरांत मोती चालत नाही असं लिहिलेलं दिसलं म्हणून थोडक्यात बचावले. आता कडं तेवढं पॉलिशच्या फडक्याने पुसते, मोत्यावर बोट धरून. टूथपेस्ट लावा, खायचा सोडा लावा असे सल्ले खूप मिळतात. दोन्ही नको. दागिने साफ करायचं अल्ट्रासॉनिक मशीन आणि वाफही नको.

खरा वैताग निगेचा नाही, काढ-घालीचा आहे. हात धुताना अंगठी काढायची म्हणजे ती बेसिनच्या भोकात जायची भीती. शेवटी बेसिनपासून चार पावलांवर, कपाटाच्या फळीवर एक वाटी ठेवली. ओल्या हाताने तिथपर्यंत जायचा कंटाळा येतो, त्यामुळे आधीच काढली जाते. रात्री मुक्काम वेगळ्या सुती पिशवीत, कारण बाकीच्या अंगठ्यांच्या खड्यांनी चरा पडतो. हवाबंद प्लास्टिक टाळते.

परत घेईन का? रोजच्यासाठी घेईन, पण वाटी खोल असलेली, मोती निम्मा आत बसणारी. माझी फारच उघडी आहे, दाराच्या कडीवर दोनदा आपटलीय. काल पुन्हा ट्यूबलाइटखाली धरली. तीन बाजूंनी रेघ अजून धारदार आहे.