कोर्टातलं प्रकरण बघायचंय: मोबाइलवर शोधावं की नक्कल काढावी?

गावच्या जमिनीवर दावा लागलाय असं कुणी फोनवर सांगितलं, किंवा विकत घ्यायच्या कलमबागेवर काही वाद चालू आहे का ते बघायचं झालं, तर कोकणातल्या माणसापुढे आज चार वाटा आहेत. न्यायालयांतल्या प्रकरणांची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर शोधायचं, न्यायालयात जाऊन सही-शिक्क्याची नक्कल काढायची, वकिलाला फाईल बघायला सांगायची, नाहीतर माहिती अधिकारात अर्ज टाकायचा. शेवटची वाट पुष्कळांना सगळ्यात आधी सुचते आणि नेमकी तीच इथे उपयोगाची नाही, म्हणून ती आधीच बाजूला काढतो.

दाव्यातले कागद, जबाब, निकालपत्र ही न्यायालयाच्या न्यायिक कामातली कागदपत्रं. ती मिळवायची पद्धत उच्च न्यायालयाच्या नियमांत ठरलेली आहे आणि ती तशीच वापरायची, माहिती अधिकारातून नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात दिला. न्यायालयात किती पदं रिकामी आहेत, इमारतीवर किती खर्च झाला, असली प्रशासकीय माहिती माहिती अधिकारात जरूर मागा. काकांनी लावलेल्या वाटपाच्या दाव्याची प्रत मागितलीत, तर नियमाप्रमाणे नकलेचा अर्ज करा एवढंच उत्तर येणार, आणि तोवर हातातला महिना गेलेला असणार.

तेव्हा खरी तुलना मोबाइल आणि नक्कल यांची. माझं मत आधीच सांगतो: प्रकरण आहे का आणि पुढची तारीख कधी, एवढ्यासाठी मोबाइल उत्तम. पण पैसे द्यायचे असतील, अपील करायचं असेल किंवा हक्क सोडायचा असेल, तर फाईल बघितल्याशिवाय आणि नक्कल हातात आल्याशिवाय पाऊल उचलू नका.

मोबाइलवर काय दिसतं

ई-कोर्ट्स प्रकल्प 2007 मध्ये सुरू झाला आणि आज मंडणगडपासून दोडामार्गपर्यंतच्या माणसाला त्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे वाचलेली एसटीची खेप. तारीख बदलली का, साहेब रजेवर आहेत का, हे कळायला पूर्वी कोर्टाची पायरी चढावी लागे. आता प्रकरणाचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा त्याचा स्वतःचा क्रमांक, माहीत असला की काम मिनिटाचं. हा क्रमांक सोळा अक्षर-अंकांचा असतो: पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग कोणतं न्यायालय ते सांगणारे दोन अंक, सहा अंकी अनुक्रमांक आणि शेवटी वर्ष. समन्स आलं असेल तर त्यावर तो आहे का बघा आणि लगेच अ‍ॅपमध्ये साठवून ठेवा. पुढच्या तारखा, रोजच्या कामकाजाची छोटी नोंद, झालेले आदेश आणि निकाल तिथे फुकट वाचता येतात. पुण्या-मुंबईला असणाऱ्या भावंडांना ही सोय खरोखर मोठी आहे, कारण गावाकडचा जो भाऊ सांगेल तेवढ्यावरच आता विसंबायला नको.

क्रमांक नसला की खेळ अवघड होतो. तिथे गट नंबर किंवा सर्व्हे नंबर टाकून शोधता येत नाही. जमीन घेणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठी उणीव हीच, आणि तिची कल्पना नसल्यामुळे लोक निर्धास्त राहतात. शोध नावावर करावा लागतो, तोही वर्ष टाकून. म्हणजे सातबारावर जितके सहहिस्सेदार, तितकी नावं, आणि प्रत्येक नावासाठी एकेक वर्ष. आपल्याकडच्या सातबारावर किती नावं असतात ते वेगळं सांगायला नको; आजोबांच्या नावावरची जमीन, वारस नोंद अर्धवट, आत्यांची नावं लागलीच नाहीत, असे उतारे घरोघर सापडतात. त्यातून जो दावा लावतो तो बऱ्याचदा सातबारावर नाव नसलेलाच असतो. त्याची तक्रारच ती असते!

शिवाय नावं इंग्रजीत चढवलेली असतात आणि स्पेलिंग ज्याने टाइप केलं त्याचं. सावंत कुठे डब्ल्यूने, कुठे व्हीने. म्हाडिकांचे महाडिक होतात, घाडीगावकरांचे नुसते घाडी. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाका, चालू आणि निकाली दोन्ही प्रकारची प्रकरणं निवडा आणि येणारी यादी धीराने वाचा. यादीत दोन्ही बाजूंचं एकेक नाव आणि पुढे ‘वगैरे’ असतं, तेव्हा आपलं नाव दिसलं नाही म्हणून पान बंद करू नका. संशय येईल ते प्रकरण उघडून आतली नावं बघा. दाव्याच्या रकमेप्रमाणे प्रकरण कनिष्ठ स्तराच्या न्यायालयात जातं किंवा वरिष्ठ स्तराच्या, आणि वरिष्ठ स्तराचं न्यायालय प्रत्येक तालुक्याला नसतं. राजापूरच्या जमिनीसाठी फक्त राजापूर बघून थांबू नका, रत्नागिरीही बघा.

एवढं करूनही काही सापडलं नाही, तर त्याचा अर्थ ‘वाद नाही’ असा होत नाही. संगणकावर चढवण्याआधीच निकाली निघालेली जुनी प्रकरणं तिथे नसतात. कुळाचे, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या हक्काचे, वाद तर मुळात दिवाणी न्यायालयात नसतातच. कूळ कायदा 1948 चा. ‘कूळ कोण’ हा प्रश्न तहसीलदारापुढे चालतो आणि अपील प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, जातं. खोती गेली, कुळं आली आणि त्या नोंदींवरून आजही भांडणं चालू आहेत अशा आपल्या पट्ट्यात हे विसरून चालणार नाही. महसुली सुनावण्यांसाठी शासनाची ई-क्यूजे कोर्ट्स ही वेगळी प्रणाली आहे. ती बघा आणि तलाठ्याकडे फेरफारही बघा.

नकलेने काय मिळतं

मोबाइलवर निकाल दिसतो, पण दावाअर्ज, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), पुरावा म्हणून दाखल केलेले कागद दिसत नाहीत. हे सगळं फाईलमध्ये असतं. प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक पडलेला असतो: दावाअर्ज निशाणी 1 ला, तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुतेक वेळा निशाणी 5 ला. बागेचा सौदा ठरवताना मला कुणी विचारलं, की फाईलमधले कोणते दोन कागद बघू, तर मी हेच दोन सांगेन. निशाणी 1 च्या शेवटी मिळकतीचं वर्णन आणि चतुःसीमा असतात, म्हणजे दावा नेमका कोणत्या सर्व्हे नंबरच्या कोणत्या हिश्शावर आहे ते कळतं. निशाणी 5 वरच्या आदेशातून जमीन विकायला, झाडं तोडायला, बांधकाम करायला मनाई आहे का ते कळतं. विकणारा ‘साधा भाऊबंदकीचा दावा आहे, मिटेल’ म्हणतो तेव्हा हा आदेश मागून बघा.

न्यायालयात गेल्यावर नक्कल विभागात अर्ज द्यायचा. प्रकरणाचा प्रकार, क्रमांक, वर्ष, पक्षकारांची नावं आणि कोणत्या निशाणीची नक्कल हवी ते नीट लिहायचं आणि वर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. नकलेचा खर्च पानांवर ठरतो आणि वकिलाच्या फीपुढे तो किरकोळच असतो. चालू प्रकरणाची फाईल कोर्टाकडे असते, निकाली प्रकरणाची रेकॉर्ड रूममध्ये. क्रमांक चुकला तर अर्ज परत येतो. इथे मोबाइल कामाला येतो: घरून निघण्याआधी क्रमांक काढून ठेवा. अडलात तर न्यायालयाच्या आवारातल्या ई-सेवा केंद्रात विचारा.

तुम्ही पक्षकार असाल तर नक्कल मिळणं तुमचा हक्कच आहे. फौजदारी खटल्यात तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत विनामूल्य द्यावी लागते. तुम्ही त्रयस्थ असाल, जसा जमीन घेणारा असतो, तर अर्जासोबत कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र जोडायची तयारी ठेवा. निकालपत्र मिळायला सहसा अडचण येत नाही. दुसऱ्याने दाखल केलेल्या कागदांच्या बाबतीत मात्र न्यायालय कारण तपासतं आणि नाहीही म्हणू शकतं. पोलिसांचं आरोपपत्र सर्वांसाठी खुलं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे. वैवाहिक प्रकरणं, बालकांवरचे आणि लैंगिक गुन्हे यांचे कागद त्रयस्थाला मिळत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. बाकी सुनावणी खुल्या न्यायालयात चालते. मागच्या बाकावर जाऊन बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता नकलेच्या पाठीमागे बघा. तिथे एक शिक्का असतो: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. पुष्कळ लोक तो शिक्का वाचतच नाहीत, पण अपिलाचं सगळं गणित तिथे आहे. तालुक्याच्या न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस असतात, उच्च न्यायालयात 90. मुदत कायदा 1963 च्या कलम 12 प्रमाणे नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस या मुदतीतून वगळले जातात. वगळले जातात ते अर्ज केल्यानंतरचे. निकाल लागल्यावर तुम्ही वीस दिवस घरी बसून मोबाइलवर निकाल वाचत राहिलात आणि मग अर्ज केलात, तर ते वीस दिवस गेलेच. संकेतस्थळावरची प्रत माहितीपुरती असते, मुदत काही तिच्यासाठी थांबत नाही. निकाल विरुद्ध लागला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नकलेचा अर्ज पडला पाहिजे.

वकील कधी

क्रमांकच माहीत नाही, जमीन सामायिक आहे, किंवा व्यवहार मोठा आहे, तर त्याच तालुक्यात वकिली करणाऱ्या वकिलाला शोध घ्यायला सांगा. मात्र काय हवं ते स्पष्ट बोला. ‘सर्च रिपोर्ट’ म्हटलं की बहुतेक वेळा दुय्यम निबंधकाकडच्या 30 वर्षांच्या दस्तांचा शोध असं समजलं जातं. त्यात खरेदीखतं, गहाणखतं येतील, दाव्याची नोटीस कुणी नोंदवली असेल तर तीही येईल, पण नोंदवलेली नसेल तर दावा चालू असूनही रिपोर्ट स्वच्छ निघेल. ‘दिवाणी न्यायालयात आणि तहसीलदाराकडे नावांचा शोध घेऊन तसं रिपोर्टमध्ये लिहा’ असं आधीच सांगा.

पैशाची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या कायद्याप्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळू शकते. 15100 या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. माहेरच्या जमिनीत हिस्सा मागणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी बायकांना हे कुणी सांगतच नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

जुनं प्रकरण आणि वरचं न्यायालय

सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीच्या मालवण, देवगड, कणकवलीकडच्या प्रकरणाचं जिल्हा न्यायालयातलं अपील शोधत असाल तर ओरोसच्या सिंधुदुर्ग जिल्हा न्यायालयासोबत रत्नागिरीलाही चौकशी करा. फार जुन्या फाईलमधले किरकोळ कागद नियमाप्रमाणे नष्ट केलेले असू शकतात. त्यासाठी 1917 पासूनचा कायदा आहे. अशा वेळी घरच्या ट्रंकेत जुनी नक्कल असेल तर ती सोन्याच्या मोलाची. तिच्यावरचा क्रमांक घेऊनच रेकॉर्ड रूममध्ये जा.

उच्च न्यायालयाचं म्हणाल तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणं 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. रायगडकरांना अजूनही मुंबईच. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्याला यात सोय झाली की गैरसोय, ते ज्याने त्याने ठरवावं. पण सावंतवाडीतल्या माणसाला कोल्हापूर जवळ आहे, आणि दावा लढणारा बहुतेक वेळा तोच असतो.

कधी यायचं

आपले लोक गावी येतात ते मे महिन्यात आणि गणपतीत. मे महिन्यात न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते. दिवाणी कामकाज थांबलेलं आणि कार्यालयात माणसं कमी. गणपतीत सणाच्या सुट्ट्या. त्या दिवसांत ‘आलोच आहोत तर नक्कल काढून जाऊ’ म्हणाल तर बहुधा रिकाम्या हाताने परताल. घरून मोबाइलवर क्रमांक शोधा, कोणत्या निशाणीची नक्कल हवी ते लिहून काढा, आणि एप्रिलच्या सुरुवातीला, नाहीतर शाळा सुरू झाल्यावर जूनमध्ये, कामाचा दिवस बघून या. स्वतः येणं जमत नसेल तर त्या प्रकरणातल्या तुमच्या वकिलामार्फत अर्ज टाका. वकीलपत्र दिलेलं असेल तर वेगळं काही करावं लागत नाही.