घरभर पॅनल लावून दहा महिने झाले, आणि ओट्यावर अंधारच होता

मागच्या महिन्यात हॉलच्या फॉल्स सीलिंगमधला एलईडी लाईटचा एक पॅनल गेला. आधी आठवडाभर लुकलुकत होता, मग बटण दाबलं की लागायचा आणि दोन सेकंदांत विझायचा, आणि एका रात्री पावसात तीनदा लाईट गेली-आली तेव्हा कायमचाच बंद पडला. जेमतेम दहा महिने झाले होते. खोक्यावर दोन वर्षांची वॉरंटी छापलीय, खोकं मी जपून ठेवलंय, पण बिल नाही, कारण ज्यांना सीलिंगचं काम दिलं त्यांनीच लाईटचं सामान आणलं आणि माझ्या हातात फक्त एस्टिमेटचा कागद दिला. दुकानदार म्हणतो पक्कं बिल दाखवा, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ताई नवीन घ्या ना, साडेचारशेचा तर आहे. बरं, नवीन आणला तर तो अर्धा सेंटीमीटर लहान, पीओपीचं भोक मोठं, क्लिपा धरेचनात. म्हणजे साडेचारशेच्या पॅनलसाठी पीओपीवाला आणि त्याच्यामागून रंगवाला. मला फार चीड आली. वस्तू गेल्याची नाही एवढी, पण सीलिंग करताना कटआउटचं, म्हणजे पॅनलच्या भोकाचं, माप लिहून ठेव, दोन पॅनल जास्तीचे घेऊन ठेव, बिल आपल्या नावावर घे, एवढं कुणीही सांगितलं नाही याची. तुमचं काम अजून व्हायचं असेल तर या तीन गोष्टी आधी करा.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकांनी (ते कारखान्यात मेंटेनन्सला होते) पॅनल खाली काढून बघितला आणि म्हणाले, अगं पॅनल ठीक आहे, ड्रायव्हर गेलाय. ड्रायव्हर म्हणजे ती मागे वायरला लटकणारी पांढरी डबी, घरातल्या एसी सप्लायचा डीसी करून एलईडीला ठरावीक करंट देते. तिच्यातला कपॅसिटर (करंट एकसारखा ठेवणारा छोटा भाग) उष्णतेने सुकतो, आणि आमच्या फॉल्स सीलिंगमध्ये हवा हलायला जागाच नाही. 2016 मध्ये उजाला योजनेतून घेतलेला 9 वॉटचा बल्ब आमच्या गॅलरीत उघड्या होल्डरवर अजून चालतोय आणि सीलिंगमधला दहा महिन्यांत गेला, त्याचं कारण मला तेव्हा कळलं. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या सामानाच्या बाजारात, जुनी डबी घेऊन गेले, वरचं लेबल दाखवलं, 300 मिलिअँप, आउटपुट 36 ते 54 व्होल्ट, अगदी तसाच ड्रायव्हर 110 रुपयांना मिळाला. मिलिअँप जुळलेच पाहिजेत, नुसतं 15 वॉटचा द्या म्हणून घेऊ नका. बसवायला पाच मिनिटं लागली, मेन बंद करून.

आता मुख्य मुद्द्यावर येते, तो म्हणजे स्वयंपाकघर. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण दिवसातले चार तास मी तिथे उभी असते.

आमचं स्वयंपाकघर 8 बाय 9 फूट. छताच्या बरोबर मध्यभागी 15 वॉटचा पॅनल, साधारण 1400 ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारा). 72 चौरस फूट म्हणजे 6.7 चौरस मीटर, भागाकार केला तर कागदावर 200 लक्सच्या वर येतात आणि ते पुरेसं वाटतं. दारात उभं राहून बघितलं तर घर लख्ख दिसतं. पण ओटा भिंतीला लागून असतो, आपण ओट्याकडे तोंड करून उभ्या असतो, आणि दिवा आपल्या पाठीमागे, डोक्याच्या वर. मग आपली सावली बरोबर विळीवर, चॉपिंग बोर्डवर पडते. त्यात वर कपाटं, त्यांची आणखी सावली. पहिले तीन-चार महिने मला वाटत होतं की माझेच डोळे बिघडले, नंबर तपासून आले, नंबर तोच होता.

डिसेंबरमध्ये एकदा सकाळी साडेसहाला डब्यासाठी फ्लॉवर निवडत होते. नेहमीसारखे तुरे मोडून, देठ बघून, मिठाच्या पाण्यात टाकून. भाजी झाली, डबे गेले, आणि दुपारी सासऱ्यांच्या ताटात हिरवी अळी निघाली. ते काही बोलले नाहीत, बाजूला काढून ठेवली आणि जेवले. मला दिवसभर अन्न गोड लागलं नाही. संध्याकाळी मोबाईलमधलं लक्स मोजायचं ॲप उघडलं, फोन ओट्यावर ठेवला. मी बाजूला असताना 190, मी नेहमीसारखी उभी राहिले की 70. ही ॲप काटेकोर नसतात, पण एकाच फोनवर दोन आकडे मोजले तर फरक तर खरा कळतो ना. कॉन्ट्रॅक्टरला विचारलं तर म्हणाला 22 वॉटचा पॅनल टाकू. त्याने सावली काही हटली नसती, दिव्याची जागा तर तीच राहणार!

मग जानेवारीत वरच्या कपाटांच्या खाली एलईडी स्ट्रिप लावली. 6 फूट, 12 व्होल्टची, मीटरला 9.6 वॉट, म्हणजे एकूण साडेसतरा वॉटच्या आसपास. ॲडॉप्टर 12 व्होल्ट 2 अँपिअरचा, 24 वॉटचा, थोडा मोठाच घ्यायचा म्हणजे तापत नाही. स्ट्रिप नुसती चिकटवू नका, ॲल्युमिनियमच्या प्रोफाईलमध्ये (खाचेच्या लांब पट्टीत) बसवा आणि वर दुधी पट्टी लावा. मी आधी पैसे वाचवायला नुसती चिकटवली होती, तर काळ्या ग्रॅनाईटवर एकेक ठिपका चमकायचा, डोळ्यांना त्रास, आणि फोडणीच्या वाफेने महिन्याभरात एका टोकाने सुटून लोंबायला लागली. प्रोफाईलमध्ये घातल्यापासून एकदाही हात लावावा लागला नाही, ओल्या फडक्याने पुसता येते. आणि ती कपाटाच्या मागच्या बाजूला टाईल्सजवळ नाही, पुढच्या कडेला लावायची, म्हणजे उजेड बरोबर हाताखाली पडतो.

सगळं मिळून 1,350 रुपये खर्च आला. ॲपवर आता मी उभी असताना 430 दाखवतं. तांदळातला खडा, मेथीतली काडी, मिरचीचा डाग, सगळं दिसतं. रोज चार तास लावली तरी महिन्याला दोनच युनिट. पूर्ण घराच्या लाईटवर आम्ही चाळीस हजारांच्या वर खर्च केला, आणि त्यात माझ्या कामाची वस्तू ही साडेतेराशेची आहे. वाढदिवसाला कुणी सोनं दिलं असतं तरी मला एवढं बरं वाटलं नसतं, खरंच सांगते.

स्ट्रिप घेताना सीआरआय 90 ची घेतली. उन्हात रंग जसे दिसतात त्याच्या किती जवळ दिसतील याचा तो आकडा, ऊन म्हणजे 100, साधारण एलईडी बल्ब 80 चे असतात. आधीच्या पांढऱ्या 6500 केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, जितका कमी तितका पिवळा) लाईटमध्ये पिकलेला टोमॅटोही फिका वाटायचा आणि कांदा लाल झाला की करपला ते कळायचंच नाही. आता 4000 ची आहे, फोडणीचा रंग बरोबर कळतो.

आता एक मत मी बदललंय ते सांगते. हॉलमध्ये आम्ही तीन रंगांचे पॅनल घेतले होते, एकाच बटणावर, बंद-चालू केलं की पांढरा, पिवळा, मधला. पहिले सहा महिने मी येईल त्याला कौतुकाने दाखवायचे, मैत्रिणीलाही घ्यायला लावले. पावसाळा सुरू झाला आणि लाईट जायला-यायला लागली, तशी दर वेळी रंग बदलायला लागला. त्यातही चार पॅनल पांढरे, दोन पिवळे, कारण सगळे एकदम बदलत नाहीत. मग उभं राहून बटण दाबत बसा. आता कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, एकच रंग ठरवा आणि तोच घ्या. हॉलला 4000. सासऱ्यांना 3000 चा पिवळा आवडला नाही, पेपर वाचताना अंधारल्यासारखं वाटतं म्हणाले, ते बरोबरच आहे. आणि सहाही पॅनल एका बटणावर घेऊ नका, दोन-तीन बटणांवर वाटून घ्या. टीव्ही बघताना 90 वॉट कशाला जाळायचे!

बेडरूममध्ये पॅनल बरोबर पलंगाच्या वर आलाय, आडवं पडलं की डोळ्यांत घुसतो. तो आम्ही लावतच नाही, भिंतीवर 7 वॉटचा 2700 चा बल्ब लावलाय. मुलगा बारावीला आहे, त्याच्या टेबलावर लॅम्प आहे, तो डावखुरा म्हणून उजवीकडे ठेवला, नाहीतर हाताची सावली वहीवर. बाथरूमच्या आरशाचं काम राहिलंय, वर एकच दिवा असल्याने हनुवटीखाली अंधार, दाढी करताना यांना रोज मान वर करावी लागते. आरशाच्या दोन्ही बाजूंना दिवे हवेत, दिवाळीआधी करणार.

आणि अपेक्षा नसताना आवडलेली एक वस्तू. सासूबाई रात्री दोनदा उठतात, मोठा लाईट लावला तर सासरे जागे होतात म्हणून अंधारातच चाचपडत जायच्या. त्यांच्या पलंगाखाली आणि पॅसेजमध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर सेन्सरचे छोटे पिवळे दिवे लावले, पाय खाली टेकला की लागतात. दोन्ही मिळून 600 रुपये. पहिल्या सकाळी चहा घेताना म्हणाल्या, रात्री कुणीतरी पुढे कंदील धरून चालल्यासारखं वाटलं गं.

हॉलमधल्या पॅनलला नवीन ड्रायव्हर बसवून तीन आठवडे झाले, व्यवस्थित चाललाय. तसेच दोन ड्रायव्हर जास्तीचे आणून मीटरच्या बॉक्सजवळ डब्यात ठेवलेत, आणि डब्यात कटआउटचं माप लिहिलेली चिठ्ठी आहे. बिल या वेळी माझ्या नावावर घेतलंय.